आचाऱ्याला की आचार्याला? नव्या संगणकाचे पहिले दोन तास

मंडळी, माझं दुकान एसटी स्टँडच्या मागे आहे. बोर्डावर ‘डीटीपी, झेरॉक्स, संगणक दुरुस्ती’ असं लिहिलंय आणि धंदाही साधारण त्याच क्रमाने बदलत गेला. नवा लॅपटॉप घेतलेला माणूस खोक्यासकट येतो आणि काउंटरवर ठेवून म्हणतो, “सगळं टाकून द्या.” त्याला म्हणायचं असतं भरून द्या. मी मात्र अलीकडे दुसरा अर्थ आधी घेतो. बाहेर टाकायचं आधी, आत टाकायचं मग.

कारण नवं यंत्र कोरं नसतं. एक महिना फुकट चालणारा आणि नंतर रोज लाल खिडकी उघडून घाबरवणारा अँटीव्हायरस, दोन-चार खेळ, कंपनीचं स्वतःचं दुकान, असं बरंच त्यात असतं. ते काढून टाकलं तर विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप कामाला लागतो. तुमच्या-माझ्यासारख्याला तेवढा पुरतो. ‘संगणक साफ करून वेगवान करणारे’ प्रोग्राम तर मी टाकतच नाही. २०१७ साली सीक्लीनर नावाच्या लोकप्रिय सफाई प्रोग्रामच्या अधिकृत प्रतीतच चोरांनी आपला कोड घुसवला होता, आणि ती प्रत सुमारे २२ लाख ७० हजार लोकांच्या यंत्रांवर पोहोचली. झाडूवालाच चोराला घेऊन आत आला म्हणायचा.

त्यानंतर अपडेट. इथे लोक चुळबुळ करतात, कारण अर्धा-पाऊण तास जातो. त्यांना मी त्याच वर्षातली दुसरी गोष्ट सांगतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. दोन महिने लोक ‘नंतर’वर क्लिक करत होते. आणि ते फुकटातलं ‘क्रॅक’ केलेलं ऑफिस? त्याची पहिलीच सूचना असते, आधी अँटीव्हायरस बंद करा. चोर वॉचमनला सुट्टी द्यायला सांगतोय आणि आपण देतोय.

आता ज्यासाठी मी आज खरं इथे आलो ते. नव्या संगणकात मराठी आलेली असते. विकत घ्यावी लागत नाही, उतरवून घ्यावी लागत नाही. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत जाऊन मराठी जोडायची आणि विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करायची. दोन मिनिटांचं काम. तरी माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ यंत्रांवर ती चालू केलेली नसते आणि मालक नातवाला ‘कसा आहेस’ हे इंग्रजी अक्षरांत लिहीत असतो.

कळफलक दोन मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंग मारत मराठी उमटते, ते तुम्हाला लगेच जमेल. पण मी दुसऱ्याचा, म्हणजे इन्स्क्रिप्टचा माणूस. लोक त्याला घाबरतात, आणि मला कळत नाही का. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क, त, च, ट एका ओळीत शेजारी शेजारी बसलेत. शिफ्ट धरून तीच बटणं दाबली की ख, थ, छ, ठ. पहिलीत पाठ केलेली मुळाक्षरंच आहेत ती. ‘मराठी’ लिहायचं तर म, र, काना, शिफ्ट धरून ट, दुसरी वेलांटी. पाच बटणं. आठ दिवस बोटं अडखळतात, मग बघावं लागत नाही.

आणि एक गंमत. ‘आचार्याला बोलवा’ आणि ‘आचाऱ्याला बोलवा’. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात जेवण रांधणारा. इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने गेलात तर यंत्र अंदाज बांधतं, आणि तो चुकला तर लग्नपत्रिकेत फजिती होते. इन्स्क्रिप्टमध्ये र वर शिफ्ट धरला की खाली टिंब असलेला ऱ मिळतो. त्याला हलन्त म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, य आणि काना जोडला की झाला ऱ्या. दऱ्या, दुसऱ्या, सुऱ्या. आमचं ‘गिऱ्हाईक’सुद्धा त्याच बटणावर अवलंबून आहे.

एवढा आग्रह का, तर त्यामागे माझंच पाप आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका शिक्षकांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. टाइप आम्हीच केला, तेव्हाच्या फॉन्टमध्ये. ते फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवायचे. डोळ्यांना क दिसे, पण फाइलमध्ये साठे इंग्रजी अक्षरच. मागच्या वर्षी त्यांचा नातू फाइल घेऊन आला. उघडली तर डॉलर, टक्के, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. गावातला एक शब्द वाचता येईना. नव्या संगणकातली मराठी युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत साठते; तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, अगदी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून. आम्हीच वापरत नव्हतो. रूपांतर करणारा प्रोग्राम लावला. पण जुन्या फाइलमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलट. त्यामुळे गावातला किल्ला आणि धर्मशाळा, दोन्ही ढासळले होते. ते प्रकरण तीन रात्री बसून हाताने दुरुस्त केलं. पैसे घेतले नाहीत, घेणार कुठल्या तोंडाने?

फॉन्टही एक-दोन चांगले टाका. टिरो देवनागरी मराठी फुकट मिळतो, आणि त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. छापील मजकुरात हा फरक मला खड्यासारखा लागतो.

बाकीचं भराभर सांगतो. पत्रं आणि हिशेबाला लिब्रेऑफिस, त्याचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात. व्हिडिओसाठी व्हीएलसी; पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून ते आलं, आजही फुकट आणि जाहिरातीविना. झिप फायली उघडायला सेव्हन-झिप. ब्राउझर फायरफॉक्स आणि त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन. हे सगळं ज्याच्या त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या. शोधताना सगळ्यात वर जाहिरातीचा दुवा येतो, आणि भलत्या पानांवर ‘डाउनलोड’ची हिरवी बटणं चार असतात, त्यातली तीन खोटी. आणि कुणी फोनवरून “बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका” म्हणालं, तर फोन ठेवा. असल्या सांगण्यावरून काहीच टाकायचं नाही.

एक शेवटचं, ते अनुभवाचं आहे. विंडोज ११ च्या नव्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने शिरलात की डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची ४८ आकड्यांची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. एका गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून मी तात्पुरता ईमेल काढून खातं उघडून दिलं होतं. काही महिन्यांनी यंत्राने किल्ली मागितली. ईमेलचा पासवर्ड त्यांना आठवेना, मला तर नाहीच नाही. मुलीच्या बारशाचे फोटो आतच राहिले. तेव्हापासून मी ते ४८ आकडे गिऱ्हाइकासमोर वहीच्या पानावर लिहून त्यांच्या हातात देतो आणि लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू देत नाही. आमच्या घरचं पान गॅसच्या पुस्तकात असतं. आता हे तुम्हाला सगळ्यांना सांगून बसलो, म्हणजे घरी गेल्यावर जागा बदलावी लागणार.