बाळाच्या कपड्यांची पहिली गोधडी

नमस्कार श्रोतेहो.

घरात मूल वाढत असलं की कपाटाचा एक कप्पा भरत जातो. बाळंतविड्यातली झबली, टोपडी, बारशाचा फ्रॉक, बालवाडीतल्या चड्ड्या. अंगाला होत नाहीत आणि टाकवतही नाहीत. या कप्प्यातून गोधडी शिवायची आहे आपल्याला. पहिलीच गोधडी, म्हणून लहान. तीन फूट बाय चार फूट. पलंगभर गोधडीचा हट्ट पहिल्या खेपेला धरू नका. माळ्यावर अर्धवट पडून राहतात त्या बहुतेक मोठ्याच असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कापड निवडायचं कसं? हे मला एका बोहारणीकडून कळलं. ती गोष्ट मी सांगणारच आहे, वेळ गेला तरी चालेल.

आमच्या वाड्यात दुपारची जेवणं आटोपली की बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेला जुन्या कपड्यांचं गाठोडं. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. त्या दिवशी माझ्या वहिनीने भाचीचे सगळे लहानपणचे कपडे बाहेर काढले होते, वर दादाच्या दोन पँटी. तिचा डोळा होता एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यावर. आता घासाघीस रंगणार म्हणून मीसुद्धा उंबऱ्यात येऊन बसले.

मावशीने गाठोडं सोडलं, वरचं एक झबलं उचललं आणि विचारलं, "पोरीचं?"

"हो."

"मग मला कशाला देतेस? मी नेलं तर पायपुसणं होईल याचं. गोधडी शीव की, ताई."

"मला कुठं येते गोधडी, मावशी?"

मावशीने पाटी सावलीत सरकवली, तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि उंबऱ्यातच बैठक मारली. एकेक कपडा ती उजेडासमोर धरायची. मग दोन्ही अंगठ्यांत पकडून आडवा ताणायची, उभा ताणायची, आणि ताणताना कान जवळ न्यायची. विरलेलं कापड ताणलं की बारीक चरचरतं. मजबूत कापड गप्प राहतं. मग तोच कपडा गालाला लावून बघायचा. टोचला तर बाजूला. बघता बघता तिने तीन ढीग केले. एक वर लावायचा, एक आत घालायचा, एक तिला द्यायचा.

वहिनीचा जीव होता एका पिवळ्या झबल्यात. बाळ दवाखान्यातून घरी आलं ते याच झबल्यात. मावशीने ते उजेडासमोर धरलं, आणि पलीकडचं अंगण दिसलं त्यातून! तिने ते आतल्या ढिगात टाकलं.

वहिनी म्हणाली, "अगं मावशी, हे तर मला मधोमध लावायचंय."

"वर लावलंस तर दोन धुण्यांत फाटेल. पोटात घाल त्याला."

"पण मग दिसणार कसं?"

"दिसायला कशाला पाहिजे? तुला ठाऊक आहे ना कुठं आहे ते? आणि पोरीला ऊब लागेल ती त्याचीच."

वहिनी गप्प झाली. मग स्वतःच उठून आणखी दोन जीर्ण टोपडी आणली आणि त्याच ढिगावर ठेवली. जाळीचा झगमगीत फ्रॉक आणि पँटी मावशीने घेतल्या, आणि डबा देऊन टाकला. घासाघीस झालीच नाही.

म्हणून श्रोतेहो, परत सांगते. कापड आठवणीने निवडू नका, हाताने निवडा. उजेडासमोर धरा, ताणून बघा, गालाला लावा. मजबूत ते वर. जीर्ण आणि लाडकं ते आत. नायलॉन, जाळी, जर यांना गोधडीत जागा नाही.

आता सोसायट्यांच्या फाटकावर पाटी असते, फेरीवाल्यांना प्रवेश नाही. मला ही पाटी मुळीच पटत नाही. कापडाची एवढी जाण असलेली माणसं आपण रखवालदाराच्या हातून परत पाठवतो आणि जुने कपडे कचऱ्याच्या गाडीत टाकतो. असो.

कृती थोडक्यात सांगते, शिवण तुम्हाला ठाऊकच आहे. कपडे आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. साडेसहा इंचाचे चौकोन कापा, अठ्ठेचाळीस लागतील. झबल्यातून एखाददुसरा निघतो, फ्रॉकच्या घेरातून तीनचार. सहा एका ओळीत, अशा आठ ओळी. प्रत्येक कडेला पाव इंच शिवणीत गेलं की तीन बाय चार फूट बरोबर भरतं. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणलं जातं, त्याच्या मागे मलमलीचा तुकडा कच्च्या टाक्याने लावा आणि मगच चौकोन कापा. खिसा असला तर अख्खा ठेवा, मुलं त्यात चिंचोके लपवतात. बटणं मात्र काढा, तान्ह्याच्या तोंडात जातात.

आत एक जुनी सुती साडी घाला. साडेपाच मीटरची साडी लांबीत चार पदरी दुमडली की पन्नास इंचांवर भरते, रुंदीला ती पंचेचाळीस इंच असतेच. जास्तीचं कापून टाका. लाडकी झबली या पदरांत पसरायची. खाली अस्तर दुसऱ्या साडीचं, चारी बाजूंनी दोन इंच जास्त, म्हणजे तेच वर दुमडून काठ होतो. जमिनीवर सगळं मांडा, सुरकुती काढा, मोठ्या कच्च्या टाक्यांनी पकडा. मग काठापासून धावदोरा, गोल गोल आत, मधोमध येईपर्यंत. दोन ओळींत बोटभर अंतर. काठापासून आत, हे लक्षात ठेवा.

उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या बाजूला सिद्दी समाज आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायकाही जुन्या कपड्यांची गोधडी कडेकडून आत शिवतात, आणि कोपऱ्यांत लहान लहान रंगीत तुकडे लावतात. त्यांना त्या फुलं म्हणतात. फुलांशिवाय गोधडी त्यांना उघडीबोडकी वाटते. तुमच्याकडे कातरकाम करून चिंध्या उरतीलच. लावा चार कोपऱ्यांना चार फुलं.

टाके वाकडे आले तर उसवत बसू नका, आणि घरातल्या मुलग्यांनाही एक ओळ घालू द्या. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला प्रत्येक मुलग्याला धावदोरा आणि बटण लावणं शिकवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मोठेपणी बटण तुटलं म्हणून शर्ट टाकणारी माणसं बघितली की मला राग येतो.

शेवटचं, धुण्याचं. लाल आणि गडद निळ्या कपड्यांवर चौकोन कापायच्या आधीच ओला पांढरा रुमाल दाबून बघा. रंग उतरला तर तो तुकडा वापरू नका. गोधडी गार पाण्यात धुवा आणि पिळू नका, दोरे तुटतात. दोरीवर टाकून पाणी निथळू द्या, मग उन्हात उलटी वाळवा. आणि वाळली की कपाटात नेऊ नका, ज्याची आहे त्याच्या अंगावर घाला.

नमस्कार.