काचेतली कडी

हे बघा, अंगठ्याच्या नखाएवढे काचेचे दोन तुकडे एकावर एक ठेवलेत आणि मधे तारेची बारीकशी कडी अडकवलीय, पेंडंटची साखळी ओवायला. आता हे भट्टीत जाणार, साधारण ८०० डिग्रीला दोन्ही तुकडे वितळून एक होणार आणि तार कायमची आत बसणार, नंतर बदलता येत नाही. म्हणून काचेच्या रंगापेक्षा जास्त डोकं मी तारेवर लावते.

अल्युमिनियम तर बादच, ते ६६० लाच वितळतं, कडीच्या जागी नुसता गोळा मिळेल. तांबं टिकतं, पण बाहेरच्या भागावर काळी पापडी धरते आणि ती सुटत राहते. काचेच्या आत मात्र तेच तांबं कधीकधी इतकं सुंदर किरमिजी दिसतं ना, म्हणून मी ते डिझाइनसाठी घेते, कडीसाठी नाही.

खरी फसगत चांदीत होते. माझी पहिली पेंडंट केली तेव्हा दुकानातून शुद्ध चांदी म्हणून तार आणली होती, निघाली ९२५, म्हणजे साडेसात टक्के दुसरा धातू, बहुतेक तांबंच असतं. भट्टीतून कड्या काळ्याकुट्ट निघाल्या, घासून घासून चमकवल्या, आणि बहिणीच्या पेंडंटमध्ये साखळी ओवताना कडी कटकन तुटली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून फक्त ९९९, म्हणजे जवळजवळ शुद्ध चांदी. ती ९६२ च्या आसपास वितळते, म्हणजे आपल्या भट्टीत सुरक्षित, आणि बाहेर येते ती पांढरीशुभ्र. पारदर्शक काचेत तारेभोवती थोडी पिवळसर झाक येऊ शकते, मला तर ती आवडते.

जाडी २० गेज, म्हणजे ०.८ मिलिमीटर. गार होताना चांदी काचेच्या जवळपास दुप्पट आकसते, तार जाड असली की तिथेच तडा जातो, बारीक मऊ तार जरा सांभाळून घेते. पण मऊ म्हणून कडी वाकते पण, त्यामुळे मी तिला पीळ देते आणि आतली टोकं नागमोडी वळवते, नाहीतर निसटते.

निक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची तार खूप मजबूत असते, पण काळपट होते आणि तिच्यात निकेल भरपूर, कित्येकांना त्याची ॲलर्जी असते. कानातल्यांना मी ती लावत नाही.

रात्रभर भट्टी हळूहळू गार झालीय. झाकण उघडते. कडीत हा खिळा घालून ओढून बघते, जोर लावून... हलत नाहीये.