आज गाडी काढायची नाही

[पहाट. माडाच्या बुंध्याशी उभी मोटारसायकल. सीटवर दव साचलेलं.]

चार दिवस आम्ही रोज उजाडायच्या आधी उठत होतो. सामान बांधायचं, दोऱ्या ताणायच्या, हेल्मेटचा पट्टा लावायचा की निघालो. आज पाचवा दिवस. जाग त्याच वेळेला आली, पण उठायला काही कारण नव्हतं. पडून राहिलो. अंग मात्र अजून रस्त्यावरच होतं. डोळे मिटले की समोर वळण यायचं.

गाव मालवण. महिना फेब्रुवारी. मुक्काम दांडी किनाऱ्याजवळच्या एका घरात. बाहेर आलो तर बायको आधीच ओटीवर येऊन बसली होती, पाय लांब करून, पाठ खांबाला टेकवून. घरच्या काकींनी तिच्या हातात चहा दिला आणि विचारलं, "आज खंय जातलास?"

"कुठेच नाही," ती म्हणाली.

"बरा केलास," असं म्हणून काकी पेज आणायला आत गेल्या.

माझ्याशी ती अजून बोलली नव्हती.

[नकाशावर किनाऱ्याने सरकत जाणारी रेघ.]

पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं की मुंबई-गोवा महामार्गाला जमेल तितकं टाळायचं. ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे. नकाशावर हा किनारा बोटाने सरळ ओढता येतो. गाडीने येत नाही. मध्ये खाड्या आहेत. बागमांडल्याला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. तिन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवली आणि पलीकडे उतरवली. रत्नागिरीच्या खाली पूल आहेत, पण रस्ता तसाच. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, चढायचं, वरचं मोकळं कातळ पार करायचं, मग वळणं घेत खाडीकडे उतरायचं. पूल ओलांडला की पुन्हा चढ. पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. दिवसभर हेच.

काल संध्याकाळी आम्ही देवगडात होतो. ती म्हणाली, आज इथेच राहू या. मालवण फक्त पन्नासेक किलोमीटर राहिलं होतं आणि मला ते पुरं करायचं होतं. गाडीवर आमची एक खूण आहे. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. कुणकेश्वरच्या फाट्याच्या पुढे खांद्यावर दोन थापा पडल्या. मला त्या कळल्या. मी थांबलो नाही. अंधारात आचरा आलं, मग मालवण. उतरली तेव्हा तिला सरळ उभं राहता येत नव्हतं.

[हातांचा जवळून शॉट. ब्रश, काळी चेन, विहिरीचं पाणी.]

पेज खाऊन झाल्यावर मी गाडी डबल स्टँडवर घेतली. किनाऱ्याच्या प्रवासात गाडीचा पहिला वैरी मीठ. फेरीबोटीच्या डेकवर खारं पाणी असतं. जेटीच्या उतारावरून चाकं तेच पाणी उडवत चढतात. शिवाय रात्रभर वाऱ्यातून येणारा खारा दमटपणा असतो तो वेगळाच. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून लोखंड वाळतच नाही आणि गंज धरतो. आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी धुतली. नुसती ओतली बादली. दाबाच्या पाण्याचा फवारा मारला तर चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. मग केरोसीन आणि मऊ ब्रश. चेन पेट्रोलने धुवू नये, कड्यांच्या मधल्या बारीक रबरी रिंगा त्याने खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. पुसून, वाळवून, मागचं चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने तेल सोडायचं. सावकाश. घाईने केलेलं हे काम दुसऱ्या दिवशी आवाज करतं.

चेन सैल झाली होती. चार दिवसांचे चढ, मागे सामान आणि दोन माणसं. अ‍ॅक्सलचा नट ढिला करून चाक दोन्ही बाजूंनी सारखं मागे ओढलं.

शेजारच्या अंगणात एक म्हातारे काका जाळं तुणत बसले होते. जाळ्याचा एक काठ पायाच्या अंगठ्यात अडकवलेला, हातात दोरा भरलेली सुई. जाळ्याचं फाटकं घर सापडलं की हात थांबायचा, चार गाठी पडायच्या, जाळं पुढे सरकायचं. तासभर आम्ही दोघं आपापलं काम करत होतो. शेवटी त्यांनी माझ्या चेनकडे पाहून विचारलं, "झाला?" मी म्हटलं, झालं. त्यांचं अजून बरंच बाकी होतं.

[चिवला किनारा. अर्धचंद्राकृती वाळू. दोन दोर, दोन रांगा.]

दहाच्या सुमारास आम्ही चालत चिवल्याला गेलो. गाडी अंगणातच. तिला चालल्याने बरं वाटत होतं.

रापण लागली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, मोठा अर्धगोल घेत ते पाण्यात सोडते आणि दुसऱ्या टोकाला परत किनाऱ्याला लागते. जाळ्याचे दोन्ही दोर जमिनीवर असतात. दोन रांगा ते ओढू लागतात आणि ओढता ओढता एकमेकींच्या जवळ सरकतात. दोन्ही बाजू सारख्याच गतीने आल्या पाहिजेत. एक पुढे गेली की जाळं तिरकं येतं. म्हणून कुणीतरी मधून हाक देतं, एक रांग थांबते, दुसरी ओढते. त्यात इंजिन नाही. आहेत ती माणसं, त्यांचं वजन आणि वाळूत रुतलेल्या टाचा.

रांगेतल्या एका मावशींनी बायकोला खुणेने बोलावलं. तिने चपला काढल्या आणि दोर धरला. मी कॅमेरा घेऊन बाजूला उभा होतो. हे दृश्य मी काढलं, पण तेव्हा माझं लक्ष चौकटीकडे नव्हतं. काल रात्री ज्या बाईला पायऱ्या चढवत नव्हत्या, ती मागे झुकून, दात आवळून, अनोळखी माणसांच्या तालात दोर ओढत होती. तिला थांबायचं असतं तर ती दोर सोडू शकली असती. काल तिच्या हातात असं काही नव्हतं.

जाळं आलं. पेडवे, तारल्या, थोडे बांगडे. एवढ्या माणसांच्या मानाने फार नव्हते. रापणीत मासळीचे वाटे पडतात, माणसांचे, होडीचे, जाळ्याचे. मासळी थोडी असली की वाटेही थोडे. रापणीला मासा किनाऱ्यापर्यंत यावा लागतो. मोठ्या पर्ससीन नौका गोल जाळ्याने थवेच्या थवे बाहेरच वेढून नेतात, तेव्हा किनाऱ्यावरचा दोर रिकामा येतो. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. 2016 साली राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. तरी भांडण मिटलेलं नाही. मी या लोकांच्या बाजूचा आहे. दोर ओढणारे हात जवळून पाहिल्यावर दुसऱ्या बाजूने बोलणं मला जमणार नाही.

मावशींनी बायकोच्या ओंजळीत पाच-सहा तारल्या टाकल्या. "घे गो. ओढलंस मां!"

[दुपार. केळीच्या पानावर भात.]

त्या तारल्या काकींनी तळून दिल्या. शिवाय तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, उकडा भात, सोलकढी. मग झोप. दुपारचं याहून काही सांगण्यासारखं नाही.

[संध्याकाळ. खडकावर कोरलेली आकृती. मागे समुद्रात सिंधुदुर्ग.]

मालवणात येऊन किल्ल्यावर न जाणं काहींना पटणार नाही. होड्या सुरू होत्या, वेळही होता. तिने नको म्हटलं. "आज कुठे पोचायचंच नाही." म्हणून आम्ही दांडीच्या किनाऱ्याने मोरयाच्या धोंड्यापर्यंत गेलो. खडकावर गणपती, शिवलिंग, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा इथे केली. समोरच्या कुरटे बेटावर तीन वर्षांत जलदुर्ग उभा राहिला. पर्यटक जेटीवरून थेट होडीत बसतात, या खडकाकडे फारसं कुणी वळत नाही. मला वाटतं किल्ल्याचा आकार इथूनच नीट कळतो, कारण तो बांधायच्या आधी तो जिथून पाहिला गेला, ती ही जागा.

सूर्य तटाच्या मागे गेला. ती धोंड्याजवळ वाळूत बसली होती. मी म्हटलं, "काल थाप कळली होती मला."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. ओहोटीचं पाणी खडकांतून निघून जात होतं.

"तुला खड्डा दिसतो," ती म्हणाली. "मला फक्त लागतो."

दहा वर्षं मी गाडी चालवतोय. पुढे बसणाऱ्याच्या हातात हँडल असतं. खड्डा येताना दिसला की तो फूटरेस्टवर भार देऊन अंग उचलतो. मागे बसणाऱ्यासमोर एक हेल्मेट असतं. धक्का येतो तो न सांगता, सरळ माकडहाडात. मी इतकी वर्षं घाट, सरासरी वेग, पेट्रोल याचा हिशेब ठेवला. हा ठेवला नव्हता. मी तिची माफी मागितली. ती इथे पुन्हा सांगत नाही, ती तिच्यासाठी होती.

परतताना बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. दिव्याखाली इसवण म्हणजे सुरमई, सुंगटं म्हणजे कोळंबी, मोरीची म्हणजे शार्कची पिल्लं, भोवती बायकांचा गराडा. भाव वर चढताना तिने माझा दंड धरला आणि शेवटची टोपली उचलली जाईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.

[दुसरी सकाळ. सामान बांधलेलं. चेनचा जवळून शॉट.]

निघताना मी विचारलं, "आज किती?"

"वेंगुर्ल्यापर्यंत. पुढचं तिथे बघू."

काकींनी वाटेसाठी खाजं बांधून दिलं. चेनचा आवाज येत नव्हता. कर्लीच्या खाडीवरचा पूल लागला. पाणी भरतीला लागलेलं, काठाने माड. पुलाच्या मध्यावर खांद्यावर दोन थापा पडल्या.

पूल उतरलो आणि गाडी कडेला घेतली.