कुलूप आहे, पण दार कोणाचे?

श्रोतेहो, नमस्कार. फलाटावर गाडीची वाट पाहताना आपण स्थानकावरच्या मोफत वायफायला मोबाइल जोडतो आणि विजेचे बिल भरून टाकतो. त्या वेळी आपला पासवर्ड माझ्या या आवाजासारखाच रेडिओलहरींवरून जात असतो, आणि लहरी कोणा एकासाठी राखीव नसतात. ज्याच्याजवळ साधन आहे, त्याला त्या टिपता येतात.

२०१० साली फायरफॉक्स ब्राउझरसाठी फायरशीप नावाचे एक मोफत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आले. तेव्हा फेसबुकसारखी मोठी संकेतस्थळे पासवर्ड पाठवण्यापुरतेच एन्क्रिप्शन, म्हणजे गुप्त किल्लीवाचून वाचता न येणारी सांकेतिक लिपी, वापरत आणि पुढचा व्यवहार उघडा ठेवत. त्यामुळे प्रवेशानंतर ओळख म्हणून मिळणारी कुकी नावाची छोटी नोंद त्याच उघड्या वायफायवर बसलेल्या कोणालाही उचलता येई. फायरशीप वापरणाऱ्याच्या पडद्याच्या कडेला आसपासच्या लोकांची नावे व छायाचित्रे उमटत, आणि नावावर दोनदा क्लिक करताच तो पासवर्डाशिवाय त्यांच्या खात्यात शिरे. संपूर्ण व्यवहारच बंदिस्त हवा, हे सामान्य माणसाला पटवून देण्याचे काम या प्रकाराने केले, असे मला वाटते.

पण कधीही न भेटलेल्या दोघांनी उघड्या वाटेवरून गुप्त किल्ली ठरवायची तरी कशी? व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी १९७६ साली याचा मार्ग प्रसिद्ध केला. प्रत्येकाने एक संख्या मनाशी ठेवायची आणि तिच्यावरून गणिताने काढलेले उत्तर तेवढे समोरच्याला पाठवायचे. दोघेही त्यातून एकाच किल्लीपाशी पोचतात, मात्र दोन्ही उत्तरे ऐकणाऱ्या तिसऱ्याला ती शोधणे व्यवहारात अशक्य ठरते. मला ही कल्पना आजही विलक्षण सुंदर वाटते. आपला ब्राउझर आज याच तत्त्वावर नवनव्या किल्ल्या बनवतो आणि काम झाल्यावर टाकून देतो, म्हणून आज टिपून ठेवलेली माहिती उद्या सर्व्हरची, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाची, कायमची किल्ली चोरूनही उघडत नाही.

मात्र हे संरक्षण वाटेपुरते आहे. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा संदेश धाडून जे बनावट पान उघडायला लावतात, त्याच्या पत्त्याशेजारीही व्यवहार बंदिस्त असल्याची खूण म्हणून ब्राउझर दाखवतो ते कुलूप असू शकते, कारण त्यामागचे संकेतस्थळाला मिळालेले प्रमाणपत्र पत्त्याची खात्री देते, मालकाच्या सचोटीची नव्हे. लोक त्या चिन्हाचा अर्थ ‘विश्वासू’ असा घेतात, हे ध्यानी आल्यावर गूगलने २०२३ साली क्रोममधील कुलूप बदलून तेथे वेगळे चिन्ह ठेवले. तेव्हा बिल भरताना पत्ता अक्षर न् अक्षर वाचा, आणि संदेशातल्या लिंकवरून तर मुळीच जाऊ नका.