रिकामा रकाना

(दृश्य : राजाराम बंधारा, भुरभुर पाऊस, गढूळ पाणी)

जुलै लागला की कोल्हापुरात रामराम घालण्याआधी एक प्रश्न येतो : "पंचगंगा किती फुटांवर हाय?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. तेव्हापासून हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. आकडा येतो, मोबाइलवर फिरतो. कुणी गोठ्यातली जनावरं हलवतं, कुणी दुकानातला माल माडीवर चढवतं. तो वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

याच नदीवर पीएच.डी. करणारी एक मुलगी आम्हाला भेटली. नाव नको म्हणाली. तिला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीच्या खोऱ्यांतला गावोगावचा रोजचा पाऊस हवा होता. तिच्याआधी या विषयावर शोधनिबंध लिहून झालेले होते, आणि त्यांच्या शेवटी एक सभ्य ओळ होती : 'मागणी केल्यास डेटा उपलब्ध.' तिनं पाच जणांकडे मागणी केली. एकानं कळवलं, ज्या विद्यार्थ्याकडे फाइल होती तो नोकरीला लागून गेला. दुसऱ्यानं, "आमचा अजून एक पेपर यायचाय." बाकीचे तिघं गप्प.

ही खोड एकट्या कोल्हापूरची नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'मागितल्यास देऊ' असं लिहिणाऱ्या १,७९२ वैद्यकीय निबंधांच्या लेखकांकडे खरोखरच डेटा मागून पाहिला. मिळाला १२२ जणांकडून.

(दृश्य : तालमीचा आखाडा, लाल माती)

आमच्याकडे म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक हातचा राखून ठेवतो. संशोधकाचंही तसंच असेल, असं आम्हाला आधी वाटलं होतं. थोडं आहेही. चार पावसाळे चिखल तुडवून आकडे गोळा करायचे आणि दुसऱ्यानं खुर्चीत बसून आधी पेपर छापायचा, ही भीती खोटी नाही. बढतीच्या फॉर्मवर पेपरला रकाना असतो. फाइल नीट लावून दिली, याला नसतो.

पण आणखी एक कारण आहे, आणि ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. लाज.

त्या मुलीनं स्वतःचीच एक्सेल फाइल उघडून दाखवली. नाव : 'पाऊस फायनल नवीन २'. एका गावासमोर १२ जुलैला शून्य, १३ ला रकाना रिकामा, १४ ला पुन्हा शून्य. आम्ही विचारलं, रिकामा म्हणजे पाऊस नाही? ती हसली. "नाही, त्या दिवशी मोजणारा आला नव्हता. पण हे फक्त मला माहीत आहे."

आणि तारीख? पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, तो मागच्या २४ तासांचा. म्हणजे २५ तारखेसमोर लिहिलेला पाऊस बराचसा २४ तारखेला पडलेला. कुणी तो आदल्या दिवशीच्या नावावर टाकतं, कुणी नाही. दोन फाइली न बघता जोडल्या, तर कागदावर आधी पूर येतो आणि मग पाऊस पडतो.

या सगळ्याची टीप लिहायला तिला तीन आठवडे लागले. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "अगं, त्यापेक्षा एखादं प्रकरण लिहून झालं असतं." सरांचंही खोटं नव्हतं.

काही गोष्टी तर देऊच नयेत. चिखली, आंबेवाडीत घराघरांत जाऊन तिनं विचारलं होतं : किती पाणी आलं, काय वाहून गेलं, कर्ज किती. त्या वह्या कपाटात कुलपात आहेत. माणसांनी तिला सांगितलं, जगाला नाही.

(दृश्य : संगणकावर उपग्रहाचं चित्र, काळपट पाणी)

आणि तिचं स्वतःचं निम्मं काम मात्र दुसऱ्यांनी दिलेल्यावर उभं आहे. पुराच्या दिवसांत वर ढगांचं छत. साध्या कॅमेऱ्याला खालचं काही दिसत नाही. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार मात्र ढगांतून पाहतं, आणि ती चित्रं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. उसाच्या कोणत्या पट्ट्यात पाणी शिरलं, ते तिला वसतिगृहातल्या खोलीत बसून कळलं. सोबत प्रत्येक चित्राची वेळ, मोजमाप, सगळं लिहिलेलं. "त्यांनाही कुणीतरी तीन आठवडे बसवलं असणार," ती म्हणाली.

शेवटी तिनं पावसाची फाइल सगळ्यांसाठी खुली केली. दोन महिन्यांनी एका अनोळखी विद्यार्थ्याचा मेल आला : मॅडम, एका गावाचा आकडा चुकलाय का? इतका पाऊस आजूबाजूला कुठेच नाही.

तिनं मूळ वही काढली. शाई पसरलेली. १ चा ९ झाला होता.

"पोटात गोळाच आला," ती सांगत होती. मग तिनं आकडा दुरुस्त केला, तारीख घातली आणि टिपेत त्या विद्यार्थ्याचे आभार मानले. सरांना कधी सांगितलं, विचारलं तर म्हणाली, "अजून नाही."