शिवणीतली माया

बंधूभगिनींनो, तुम्ही मला 'ख्रिस्ती विश्वास आणि छोटा व्यवसाय' असा विषय दिलात. या विषयावर बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा दोन गोष्टी सांगते. दारावर वचनाची पाटी लावली, आणि नफ्याचा दशांश प्रभूच्या कामाला दिला. दोन्ही चांगल्याच आहेत, मीही करते. पण आज मी पगाराच्या दिवसाबद्दल बोलणार आहे. माझ्या विश्वासाची खरी परीक्षा तिथे झाली, आणि पहिल्या खेपेला मी त्यात नापास झाले.

माझा कपडे शिवण्याचा छोटा कारखाना आहे. अकरा मशीन, चौदा माणसं. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या ग्राहकाने सगळा माल उचलला आणि पैसे थकवले. रोज मी फोन करायची, रोज तिकडून उत्तर यायचं, पुढच्या आठवड्यात. मग मीही कारागिरांना तेच सांगितलं, पुढच्या आठवड्यात. मला वाटलं, अडचण आली आहे तर सगळ्यांनी मिळून सोसावी. त्याच रविवारी मंडळीत विधवांच्या मदतनिधीसाठी दान गोळा झालं. मी नेहमीप्रमाणे पाकीट टाकलं आणि समाधानाने घरी गेले.

सोमवारी सकाळी काज-बटण करणारी आमची बाई दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. पैसे मागितले नाहीत. "ताई, उद्या येणं जमेलसं वाटत नाही, बसभाड्याला काही उरलं नाही," एवढंच म्हणाली. बोलताना तिची नजर माझ्याकडे नव्हती, कटिंग टेबलाच्या पायाकडे होती. ती स्वतः विधवा आहे. मी आदल्या दिवशी विधवांसाठी जे दान दिलं, ते तिच्याच मजुरीतून दिलं होतं. दान माझ्या नावावर लागलं, आणि त्याची किंमत तिने मोजली.

त्या रात्री मी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 24वा अध्याय काढला. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला आहे, असं तिथे सांगितलं आहे. नाहीतर तो परमेश्वराकडे गाऱ्हाणं करील. याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे. हे भाग मी लहानपणापासून ऐकलेले. पण शेतमालक, जमीनदार, धनवान हे कोणी दुसरे लोक आहेत असंच धरून ऐकलेले.

तेव्हापासून मजुरीचं खातं वेगळं केलं. ऑर्डरचा इसार आला की त्यातून त्या कामाची पूर्ण मजुरी आधी त्या खात्यात जाते, कापड नंतर, भाडं नंतर, मी सगळ्यात शेवटी. इसार न देणाऱ्याचं काम घेत नाही. सांगायला हे एका वाक्यात होतं. करायला दोन वर्षं लागली. दोन मोठी कामं हातची गेली, आणि एका हंगामात मला स्वतःला घरखर्चासाठी काही उरलं नाही. सोपं आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्यातल्या काहींना अजून वाटतं की धंदा हे ऐहिक काम आणि सेवा हे पवित्र काम. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला तो एकाच व्यवसायाचा म्हणून. तिघेही तंबू करणारे. इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेताना त्याने आपले हात पुढे केले आणि सांगितलं की माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा याच हातांनी भागवल्या, दुर्बळांना असंच साहाय्य करायला हवं. लुदिया जांभळी वस्त्रं विकायची, आणि फिलिप्पैमध्ये पौलाला आसरा मिळाला तो तिच्या घरी. त्या घरामागे तिचा व्यापार होता.

आता मापांकडे येते. पिशवीत दोन वजनं ठेवू नका, एक मोठं आणि एक लहान, असं शास्त्र सांगतं. माझ्या धंद्यात वजनाचा काटा नाही, पण दोन वजनं आहेत. नमुन्याच्या शर्टाला इंचाला बारा टाके आणि मालाच्या शर्टाला आठ, हे दुसरं वजन. कापड धुतल्यावर आटणार हे ठाऊक असून न सांगणं, हेही. आम्ही प्रत्येक नव्या ताग्यातला तुकडा मोजतो, धुतो, वाळवतो, पुन्हा मोजतो आणि तो आकडा ग्राहकाला लिहून देतो. एक-दोन जण तो आकडा बघून दुसरीकडे गेले आहेत.

17व्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दुकानदारांनी असंच एक पाऊल उचललं. बाजारात घासाघीस चालायची. आधी जास्त सांगायचं, मग कमी करायचं. त्यांचं म्हणणं असं, की जी किंमत घ्यायची नाही ती सांगणं म्हणजे खोटं बोलणं. त्यांनी सगळ्यांना एकच भाव लावला. सुरुवातीला गिऱ्हाईक तुटलं. मग लोकांच्या ध्यानात आलं की यांच्या दुकानात लहान मूल पाठवलं तरी फसगत होत नाही.

याच पंथातल्या जॉन कॅडबरी यांनी 1824 मध्ये बर्मिंगहॅमला एक छोटं दुकान काढलं. त्यांच्या मुलांनी 1879 मध्ये चॉकलेटचा कारखाना शहराच्या कोंडवाड्यातून बाहेर, बोर्नव्हिलला नेला. पुढे तिथे बागा असलेली घरं उभी राहिली. ख्रिस्ती उद्योगाचं उदाहरण म्हणून व्याख्यानांत हे नेहमी सांगतात आणि इथेच थांबतात. मला पुढचं सांगायचं आहे. साओ टोमे या तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बेटावरून येणाऱ्या कोकोमागे गुलामगिरीसारख्या अवस्थेतले मजूर आहेत, ही कुणकुण कंपनीला 1901 च्या सुमारास लागली. चौकशा झाल्या, सरकारांशी बोलणी झाली. खरेदी थांबली ती 1909 मध्ये. ही माणसं दुष्ट नव्हती, घराजवळच्या कामगारांसाठी त्यांनी मनापासून केलं. पण जो मजूर दिसत नाही त्याच्यासाठी आठ वर्षं लागली. हे वाचल्यापासून मी कापडवाल्याला विचारते, हा तागा कुठे विणला, कोणी विणला. प्रत्येक वेळी उत्तर मिळत नाही. तरी विचारते.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः आले, ती. शिवणकाम करणाऱ्यांना माहीत आहे, शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला आपण माया म्हणतो. बाहेरून ती दिसत नाही. पण माणूस अंगाने वाढला, तर त्याच मायेतून कपडा उसवून मोठा करता येतो. माया न सोडता बेतलं तर एका ताग्यात दोन-तीन कपडे जास्त बसतात, आणि पहिल्याच ताणाला शिवण फाटते.

बायबलच्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात शेतकऱ्याला हेच सांगितलं आहे. शेत कापताना कडेपर्यंत कापू नकोस, पडलेली कणसं वेचू नकोस, ती गरिबाला आणि परक्याला राहू दे. आधी सगळं कोठारात भरून मग त्यातलं वाटायला सांगितलेलं नाही. ते कापायचंच नाही. रूथ ही परकी, गरीब विधवा बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात आली, तेव्हा त्याने गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं ओढून टाका, तिला वेचू द्या, तिला लाजवू नका. रूथ घरी गेली ती स्वतः वेचलेलं धान्य घेऊन. भीक घेऊन गेली नाही.

आमच्याकडे खिडकीजवळचं एक मशीन आम्ही हिशोबात धरत नाही. त्यावर शिकणारी बसते, किंवा आजारातून उठलेली, किंवा वयाने हात मंदावलेली. भाव ठरवताना दहाच मशीन धरायची. उरलेल्या अकराव्या मशीनवर जे निघेल ते निघेल, पण तिथे बसणारीला मजुरी इतरांसारखीच. त्या मशीनवर शिकून दोघी आता स्वतःचं काम करतात. एकीला नाही जमलं, ती सोडून गेली. तिचं मला अजून वाईट वाटतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. या मदतीला आमिष बनवू नका. माझ्याकडे वेगवेगळ्या धर्मांच्या बायका आहेत. सकाळी मी प्रार्थना करते, ती काम सुरू व्हायच्या आधी, आतल्या खोलीत. ज्याला यायचं तो येतो. उचल मागायला आलेल्या बाईला आपण विश्वासाच्या गोष्टी सांगू लागलो, तर तिला 'नाही' म्हणायची मोकळीक राहत नाही. ते सुवार्ता सांगणं नव्हे, ते दडपण आहे.

'नाही' मलाही म्हणावं लागतं. एकदा एका कारागिराला मोठी उचल हवी होती. ती दिली असती तर पुढच्या महिन्यात तेरा जणांची मजुरी अडली असती. मी दिली नाही. त्याच्यासोबत बसून त्याच्या कर्जाचा हिशोब लिहून काढला, जिथे बोलायला हवं तिथे बोलले. तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत पोचवणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा, येशूने सांगितलेला दाखला आपण पुष्कळदा ऐकतो. माझं लक्ष अलीकडे उतारशाळेच्या मालकाकडे जातं. तोही आपल्यासारखाच छोटा धंदेवाला. हातात दोन दीनार, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी. समोर एक अर्धमेला माणूस, आणि 'जास्त खर्च झाला तर परत आल्यावर देईन' म्हणणारा एक परका, तोही यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या शोमरोन्यांपैकी. तो परत आला का, हे येशूने सांगितलेलं नाही. मालकाने त्या जखमी माणसाला किती दिवस ठेवलं, कोण त्याच्या पट्ट्या बदलत होतं, हेही नाही.

माझ्या वहीत शेवटच्या पानावर तसं एक खातं आहे. अकराव्या मशीनचं. त्यात तारखा आहेत, नावं आहेत, खर्चाचे आकडे आहेत. बेरजेची रेघ मी अजून ओढलेली नाही.