आधी पूर्वपक्ष
(वाईच्या शास्त्रपरंपरेवरील लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : गणपती आळीचा घाट. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत, नदीपात्रातून.]

वाईला आलेला माणूस ढोल्या गणपतीचं दर्शन समोरून घेतो. आपण आधी देवळाच्या मागे जाऊ. ही भिंत बघा. दगडी, पुढे निमुळती होत गेलेली, माशाच्या आकाराची. कृष्णेला पूर येतो तेव्हा पाणी या टोकावर दुभंगतं आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातं.

गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. आत एकाच काळ्या पाषाणातून घडवलेली भव्य मूर्ती आहे, विघ्नहर्त्याची. ज्यांनी ती बसवली त्यांच्या भक्तीत काही उणं नव्हतं. तरीही पुराची काळजी त्यांनी देवावर सोडली नाही. ती पाथरवटांसोबत बसून वाहिली.

[घाटांची सलग दृश्यं. देवळांच्या पायऱ्या, धुणं, ओल्या दगडावरची पावलं.]

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. सात घाट, आणि प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा आपापला उत्सव. नदीला बाई म्हणणारं, तिची ओटी भरणारं हे गाव. लोक याला दक्षिण काशी म्हणतात ते देवळांमुळे. आम्हाला वाटतं, ते नाव या गावाने आणखी एका कारणाने कमावलं आहे. त्यासाठी गंगापुरीत जायला हवं.

[दृश्य : गंगापुरीतला रस्ता. प्राज्ञपाठशाळेची पाटी.]

१९१६ साली नारायणशास्त्री मराठे यांनी इथे प्राज्ञपाठशाळा सुरू केली. पुढे संन्यास घेतल्यावर ते केवलानंद सरस्वती झाले. न्याय, मीमांसा, वेदान्त ही दर्शनं इथे शिकवली जात. पौरोहित्य करून चार पैसे मिळवायचे तर एवढ्या अभ्यासाची गरज नसते. मंत्र पाठ असले की भागतं. नारायणशास्त्र्यांना निराळा माणूस घडवायचा होता. धर्म म्हणजे काय, तो कशावरून ठरतो आणि कुणी ठरवायचा, हे विचारू शकणारा.

१९१७ साली गांधींच्या आश्रमातून रजा घेऊन एक बावीस वर्षांचा तरुण इथे आला. विनोबा भावे. उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्रावरचं शांकरभाष्य, मनुस्मृती, पातंजल योगदर्शन असा अभ्यास त्यांनी नारायणशास्त्र्यांजवळ बसून केला.

आणि धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून लहान वयात आलेला एक मुलगा इथलाच झाला. १९२३ साली कलकत्त्याची परीक्षा देऊन त्याने ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिळवली. लक्ष्मणशास्त्री जोशी.

[दृश्य : जुन्या पोथीची पानं. बोट एका ओळीवर थांबतं.]

या पाठशाळेत काय शिकवत, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मीमांसा हे आपल्या सहा दर्शनांपैकी एक. जैमिनीची सूत्रं, बारा अध्याय. पहिलंच सूत्र आहे, ‘अथातो धर्मजिज्ञासा’. आता धर्म जाणून घेण्याची इच्छा. वेदावर याइतकी कडवी निष्ठा दुसऱ्या कुठल्या दर्शनाची नसेल. मात्र हेच मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. त्यांना त्याची गरजच वाटत नाही. श्रद्धाळू माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, त्यात ही मंडळी बसत नाहीत.

त्यांचं सगळं बळ एका रीतीत आहे. तिला अधिकरण म्हणतात. अधिकरणाची पाच अंगं. आधी विषय ठरवायचा. मग संशय मांडायचा, म्हणजे नेमकं कुठे अडतं आहे ते. मग पूर्वपक्ष: आपल्या विरुद्ध जाणारं म्हणणं, पूर्ण ताकदीने. त्यानंतर उत्तरपक्ष. आणि शेवटी निर्णय. क्रम बदलायचा नाही. विद्यार्थ्याने पूर्वपक्ष लेचापेचा मांडला तर शास्त्री त्याला पुढे जाऊ देत नाहीत, कारण समोरच्याचं म्हणणं धडपणे न मांडता काढलेला निर्णय हा निर्णयच नव्हे.

एक उदाहरण घेऊ. सोमयागाच्या मंडपात उंबराच्या लाकडाचा एक खांब रोवतात, औदुंबरी. श्रुती, म्हणजे वेद, सांगते, औदुंबरीला स्पर्श करून सामगान करावं. स्मृती, म्हणजे वेदांनंतरचे धर्मग्रंथ, सांगते, औदुंबरी संपूर्ण वस्त्राने गुंडाळावी. आता सगळा खांब कापडात गुंडाळला तर स्पर्श कशाला करणार? दोन्ही वचनं मान्य ग्रंथांतली, आणि दोन्ही एकदम पाळता येत नाहीत.

जैमिनी सांगतो, असा विरोध असेल तिथे स्मृती बाजूला ठेवावी. इथवर ठीक. पण शबरस्वामी जैमिनीच्या सूत्रांवरच्या आपल्या भाष्यात आणखी पुढे जातो. तो विचारतो, मुळात ही स्मृती आली कुठून? आणि स्वतःच उत्तर देतो. कापड आपल्याला मिळावं या लोभाने कुणीतरी सगळा खांब गुंडाळला असेल. तेच त्या स्मृतीचं बीज.

[दृश्य थांबतं. पानावरची ओळ जवळून.]

पुन्हा ऐका. वेदाला स्वतःप्रमाण मानणारा भाष्यकार, दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वी, धर्माच्या नावाने चालत आलेल्या एका रूढीकडे बोट दाखवून म्हणतो, की यामागे कुणाचा तरी लोभ आहे. आज एखाद्या गावात कुणी असं बोललं तर त्याला धर्मद्वेष्टा म्हणतील. वाईच्या पाठशाळेत हा अभ्यासक्रमाचा भाग होता.

[दृश्य : येरवडा तुरुंगाची जुनी छायाचित्रं.]

१९३२ च्या अखेरीस या अभ्यासाची कसोटी लागली. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे की नाही, यावर देशभरातले पंडित त्यांच्याशी वाद घालत होते. सनातनी बाजूकडे मोठमोठी नावं होती, वचनांचे ढीग होते. गांधीजींच्या बाजूने शास्त्रार्थ करायला जे उभे राहिले त्यांत वाईचे लक्ष्मणशास्त्री होते. वय बत्तीसही पूर्ण नव्हतं. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगून झाला होता.

त्यानंतर काही महिन्यांतच, १६ जून १९३३ रोजी, पुण्यात ‘पर्णकुटी’ नावाच्या बंगल्यात एक लग्न लागलं. वर देवदास गांधी, वैश्य कुळातले. वधू राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी, ब्राह्मण. वधू वरच्या वर्णाची म्हणजे प्रतिलोम विवाह. धर्मशास्त्रात सर्वांत निंदिलेला प्रकार. त्या लग्नाचं पौरोहित्य लक्ष्मणशास्त्र्यांनी केलं.

सभेत मांडलेला विचार होमासमोर बसून निभावणं ही निराळी गोष्ट आहे. ते त्यांनी केलं.

पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा आला आणि राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली.

[दृश्य : कपाटातले धर्मकोशाचे खंड. एक खंड बाहेर काढला जातो, पानं उलटतात.]

आता हे खंड. धर्मकोश, म्हणजे धर्मशास्त्रातल्या वचनांचा लक्ष्मणशास्त्र्यांनी संपादित केलेला संग्रह. १९३७ ते १९४१ या काळात त्याचं पहिलं कांड छापून झालं. ते होतं व्यवहारकांड. आचार, प्रायश्चित्त, श्राद्ध यांच्या आधी व्यवहार आला, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. व्यवहार म्हणजे न्यायनिवाडा. कर्ज, ठेव, शेताची हद्द, वाटणी, साक्षीदार खरा की खोटा. माणसं रोज ज्यावरून भांडतात ते सगळं.

कोशाची रचना पाहण्यासारखी आहे. एक विषय घ्यायचा. त्यावर वेदांत काय आहे, सूत्रांत काय आहे, मग स्मृती, मग टीकाकार, मग निबंधकार, म्हणजे वचनं एकत्र करून ग्रंथ लिहिणारे, अशी मूळ वचनं काळाच्या क्रमाने एकाखाली एक लावायची. संपादकाने स्वतःचं मत द्यायचं नाही. हस्तलिखितं मिळवायची, पाठभेद नोंदवायचे, वचन खरोखर त्या ग्रंथात आहे का ते पडताळायचं. संगणक नसताना हे काम कागदाच्या चिठ्ठ्यांवर झालं.

पण असं लावल्यावर काय दिसतं? एकाच प्रश्नावर धर्मशास्त्र बदलत गेलेलं दिसतं. स्त्रीचा वारसाहक्क घ्या. किंवा नियोग घ्या, म्हणजे अपत्यासाठी पतीऐवजी दुसऱ्या पुरुषाची नेमणूक: एका काळात विहित, पुढच्या काळात कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात निषिद्ध. ‘आमच्या धर्मात हे पहिल्यापासून असंच आहे’ म्हणणाऱ्यासमोर या कोशाचं एक पान उघडून ठेवलं तरी पुरतं.

याच व्यवहाराच्या चर्चेत बृहस्पतीचं एक वचन येतं.

[पडद्यावर अक्षरं. मागे फक्त पठणाचा आवाज.]

केवलं शास्त्रमाश्रित्य न कर्तव्यो विनिर्णयः ।
युक्तिहीने विचारे तु धर्महानिः प्रजायते ॥

नुसत्या शास्त्राच्या आधारावर निर्णय करू नये. युक्ती, म्हणजे तर्क, सोडून केलेल्या विचाराने धर्माचीच हानी होते. हे स्मृतिकार सांगतो आहे, कुणी नास्तिक नव्हे.

[दृश्य : सातारा. शाळेची जुनी इमारत.]

या परंपरेचाही एक पूर्वपक्ष आहे आणि तो लेचापेचा मांडता येणार नाही. वाईपासून पस्तीसेक किलोमीटरवर, साताऱ्याच्या या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. पुढे तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नावाने जगाला माहीत झाला. फेब्रुवारी १९३३ मध्ये गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकासाठी त्यांनी लिहून दिलं, की जाती आहेत तोवर बहिष्कृत राहणारच. तीन वर्षांनी त्यांनी मुळावरच घाव घातला: शास्त्रांचा सोयीचा अर्थ लावत बसू नका, त्यांचं प्रामाण्यच नाकारा.

ज्या माणसाला पाण्याला शिवू दिलं नाही, त्याने हक्क मागण्यासाठी आधी मीमांसा शिकावी का? या प्रश्नाला पाठशाळेच्या ग्रंथांत उत्तर नाही. लक्ष्मणशास्त्र्यांना तो टाळता आला नाही. ‘हिंदुधर्माची समीक्षा’ या आपल्या व्याख्यानांत त्यांनी धर्मसंस्थेकडे इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या नजरेने पाहिलं, आणि ज्या शास्त्रांवर ते वाढले त्यांच्या मर्यादा मोकळेपणी सांगितल्या. एवढं करूनही त्यांनी वाई सोडली नाही. मराठी विश्वकोशाचं कामही त्यांनी इथूनच चालवलं. पहिला खंड १९७६ साली आला.

[दृश्य : घाटाजवळचं एक घर. पडवी. गुरुजी, दोन विद्यार्थी, एक कुटुंब. मूळ आवाज काही क्षण तसाच.]

ही पडवी आजची. समोर बसलेल्या बाईंच्या सासूबाईंनी देहदानाचा अर्ज भरला आहे. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, आत खाटेवर बसून सगळं ऐकत आहेत. ‘गुरुजी, आईंचा देह दिला तर दिवस करायचे की नाही? आणि करायचे तर कशावर?’

गुरुजी लगेच उत्तर देत नाहीत. ते विद्यार्थ्याला विषय मांडायला सांगतात.

विद्यार्थी उत्साहाने दधीचीची कथा सांगतो. ऋषींनी देवांसाठी स्वतःची हाडं दिली, मग देहदानाला शास्त्राची संमती आहेच. ऐकणाऱ्या सगळ्यांच्या माना डोलतात. गुरुजींना स्वतःलाही देहदान मान्य आहे. तरी ते म्हणतात, ‘अरे, तो अर्थवाद झाला. स्तुती. स्तुतीवरून विधी ठरत नाही. दुसरं काही असेल तर सांग.’

आम्ही हा प्रसंग चित्रपटात पूर्ण ठेवला आहे. आपल्याला हवं तिथे नेणारं, पण कच्चं असलेलं प्रमाण आपल्याच हाताने बाजूला ठेवणं, हा संस्कार या गावाने शंभर वर्षं जपला. तो आज शाळा-कॉलेजांत, ग्रामसभेत, घरातल्या वाटणीच्या बैठकीत यायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

दुसरा विद्यार्थी पालाशविधी काढतो. माणूस परदेशी गेला, बुडाला, देह हाती लागलाच नाही, तर पळसाच्या तीनशे साठ देठांची आकृती करून तिच्यावर अंत्यसंस्कार करतात. देह नसला तरी संस्कार अडत नाही, हे शास्त्राने पूर्वीच मान्य केलं आहे.

[दृश्य : पळसाचे देठ. बोटं ते एकेक करून मांडताना.]

यावर सासूबाईंचा धाकटा मुलगा बोलतो. तो बँकेत नोकरीला आहे, शास्त्र शिकलेला नाही. ‘पण गुरुजी, तो नियम देह सापडत नाही तेव्हाचा. इथे तर आई आपल्यासमोर आहे. आपण मुद्दाम देऊन टाकायचा आणि मग देह नाही म्हणायचं, हे कसं चालेल?’

गुरुजी प्रसन्न होतात. ते मनूचं वचन म्हणून दाखवतात: मुख्य विधी करण्याची शक्ती असताना जो गौण विधीवर भागवतो, त्याला परलोकी फळ नाही. धाकट्याच्या शंकेला त्यांनी स्वतःहून शास्त्राचं बळ दिलं. आता उत्तर त्याहून भक्कम द्यावं लागणार.

चर्चा दुपारपर्यंत चालली. दान जिवंतपणी, शुद्धीत, स्वतःच्या वस्तूचं केलं आहे, हा एक मुद्दा. देह सोपवण्याआधी मंत्रपूर्वक करण्याजोगे विधी घरीच करता येतील, हा दुसरा. मग सासूबाईंनी आतून सांगितलं, की मला परलोकाच्या फळापेक्षा डॉक्टर होणाऱ्या पोरांचा उपयोग जास्त वाटतो, आणि माझं फळ मी सोडायला तयार आहे.

घरातल्यांनी ठरवलं आहे. देह द्यायचा, घरी मंत्राग्नी द्यायचा, पालाशविधी करून दहावं-बारावं-तेरावं रीतसर घालायचं. धाकट्याला हे अजून पुरतं पटलेलं नाही. त्याचा आक्षेप गुरुजींनी वहीत त्याच्याच शब्दांत लिहून घेतला आहे, आणि पुढच्या आठवड्याच्या पाठाला विद्यार्थ्यांनी त्याचं उत्तर तयार करून आणायचं आहे.